कळकाचा स्लॅब

जळोचीच्या झुंबरराव आटोळ्यांना इंजिन दुरुस्त करता येतं, हा शोध त्यांना स्वतःलाच लागला आणि तोही चुकून. चौपन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं. बारामतीचा मिस्त्री आज येतो, उद्या येतो करत आठवडाभर आला नाही, आणि इकडं वांग्यांनी माना टाकल्या. शेवटी झुंबररावांनी घोंगडं अंथरलं, इंजिन खोललं, सगळे भाग रॉकेलात धुतले आणि आठवतील तसे परत बसवले. तीन नट उरले. इंजिन मात्र सुरू झालं. उरलेल्या नटांचं काय, असं त्यांच्या बायकोनं, ठमाबाईंनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "कंपनी जास्तीचं देती. पडलं-हरवलं तर असावं म्हनून."

त्या दिवसापासून झुंबररावांनी शेती सोडली. म्हणजे शेती ठमाबाई करायला लागल्या आणि झुंबरराव इंजिनं बघायला लागले.

मी त्यांच्या बांधाला बांध लागून असलेला माणूस. जे झालं ते चाळीस पावलांवरून पाहिलंय. त्यांचा मळा कालव्याच्या चारीवर होता, साडेचार एकर. दोन एकरांत मोसंबी, बाकीच्यात वांगी, गवार, मिरची आणि कडेनं केळी. माळवं बारामतीच्या बाजाराला जायचं. झुंबरराव माणूस वाईट नव्हते. कुणाच्या वाटणीत नाही, कुणाच्या भांडणात नाही. त्यांना खोड एकच होती. जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं, आणि पटलेली गोष्ट आपल्याच डोक्यातून निघाली असं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना वाटायला लागायचं. याला अपवाद फक्त ठमाबाईंचा. त्या आधी बोलोत की शेवटी, त्यांचं बोलणं झुंबररावांच्या कानाला शिवून पुढं जायचं.

त्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडं मोटा सुटत होत्या आणि इंजिनं येत होती. इंजिनं आली की ती बंदही पडणार. चार जणांनी आपापली इंजिनं बैलगाडीत घालून झुंबररावांकडं आणली. त्यांतली दोन सुरू झाली. निम्मं यश आमच्या गावात पुष्कळ झालं. झुंबररावांनी ठरवलं की आता मोसंबीच्या बागेत पक्क्या विटांचं वर्कशॉप बांधायचं. हा शब्द त्यांनी बारामतीत एका पाटीवर वाचला होता. गावानं त्याचं 'वरकशाप' केलं आणि झुंबरराव दर खेपेला ते सुधारून देत राहिले.

पंचावन्नच्या दिवाळीनंतर कन्हेरीचा रामहरी गवंडी कामावर आला. कऱ्हेकाठच्या भट्टीवरून विटा आल्या. बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब खोली, दोन खिडक्या, आणि बैलगाडी आत जाईल एवढं दार. रामहरी कमी बोलणारा, हातानं सरळ माणूस. महिन्याभरात त्यानं भिंती उभ्या केल्या, ओळंबा लावून दाखवला आणि विचारलं, "मालक, वर काय घालायचं?"

या प्रश्नाचं उत्तर मिळायला दोन महिने लागले.

पहिल्यांदा म्हातारी मंडळी जमली. ती म्हणाली, माळवद घाला. जाड तुळया टाका, वर पांढरी माती अंथरा, उन्हाळ्यात माठातल्यासारखं गार. झुंबररावांना पटलं. रामहरीनं भिंतींचे माथे एका पातळीत आणले. मग बाजारात कुणी भेटलं, म्हणालं, मातीचं छप्पर आणि खाली इंजिन? इंजिनाच्या हादऱ्यानं माती भाकरीच्या पिठासारखी गळत राहील. मंगलोरी कौलं घाला. तेही पटलं. रामहरीनं दोन्ही टोकांच्या भिंतींवर विटांचे त्रिकोण चढवले. मग कुणीतरी सांगितलं की मोसंबीला वानरं येतात आणि वानरांना कौलं आवडतात. त्रिकोण उतरवले. रामहरी शिडीवर चढायचा आणि काल लावलेली वीट आज काढायचा. विटांनाही त्याची ओळख झाली असेल.

याच दिवसांत एकदा ठमाबाई गड्यांची भाकरी घेऊन आल्या. डोक्यावरची पाटी उतरवली, कमरेवर हात ठेवून भिंतींकडं पाहिलं आणि म्हणाल्या,

"अवं, पत्रा घाला. मागच्या अंगाला उतार द्या. वरनं उसाचं पाचट हातभर पसरा आन् तारंनं आवळा. खाली ऊन लागायचं न्हाय, पावसाचा आवाज यायचा न्हाय. इंजिनाचं धुराडं तेवढं भिंतीतनं भाईर काढा, म्हंजी ठिणगी वर जायाची न्हाय. उद्या मोडायचं म्हटलं तरी पत्रा कुठं जातोय?"

रामहरीची भाकरी तोडणारी बोटं थांबली. त्यानं वर पाहिलं आणि मान हलवली.

"ठमे," झुंबरराव म्हणाले, "ह्यो गोठा न्हाय. वर्कशॉप हाय."

आता घराचं छप्पर वीस वर्षं ठमाबाईच शाकारत होत्या, हे मी स्वतः पाहिलेलं. त्या वर चढायच्या आणि झुंबरराव खाली शिडी धरायचे. पण शिडी धरणाऱ्यालाच छपराची जास्त माहिती असते, असं त्यांचं मत असावं.

पौषात झुंबरराव आणि ठमाबाई जावळाच्या कार्यक्रमाला इंदापूरला गेले, साडूकडं. साडू रावजी, म्हणजे ठमाबाईंच्या धाकट्या बहिणीचा, द्वारकाबाईचा नवरा. उसाचा बागाईतदार, सहकारी सोसायटीचा सभासद, आणि ही गोष्ट पाच मिनिटांत दोनदा सांगणारा. त्यानं आदल्या वर्षी धान्याच्या खोलीवर सिमेंटचा स्लॅब टाकला होता. जेवणं झाल्यावर त्यानं झुंबररावांना शिडीनं वर नेलं.

"नाचा, पाव्हणं," रावजी म्हणाला.

"आँ?"

"नाचा वो! काय हुत न्हाय त्येला. बिनघोर नाचा."

झुंबरराव, वय वर्षं एकेचाळीस, धोतराचा सोगा धरून साडूच्या छपरावर नाचले. खाली अंगणात बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, हे ठमाबाईंनीच मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरले तेव्हा झुंबररावांचं ठरलेलं होतं. स्लॅब. दुसरं काही नाही.

सिमेंट परमिटवर मिळायचं. सहा-सात हेलपाटे घालून त्यांनी ते मिळवलं, त्याबद्दल त्यांच्या चिकाटीला नावं ठेवता येणार नाहीत. पण लोखंडी सळया काही मिळेनात. इथं सोपानराव आले.

सोपान हा कालव्यावरचा मुकादम. चारीतला गाळ काढणाऱ्या मजुरांवर उभं राहायचं, एवढं त्याचं काम. पण त्याच्याकडं खाकी टोपी होती, कानावर पेन्सिल होती आणि खिशात मोजायची फीत होती. त्यामुळं अनोळखी माणसं त्याला ओव्हरशियर म्हणायची आणि तो त्यांना दुरुस्त करत नसे. तो मळ्यात आला, फीत सोडली, भिंत मोजली, फीत गुंडाळली आणि म्हणाला,

"लोखंड कशाला पायजे? कळक घाला."

"कळक? बांबू? स्लॅबात?" झुंबररावांनी विचारलं.

"जपानात समदे स्लॅब कळकाचेच हायती."

"समदे?"

"समदे."

जळोचीतून कुणी जपानला जाऊन आलेलं नव्हतं, त्यामुळं या मुद्द्यावर कुणाला बोलता येईना. रामहरी तेवढा पुढं आला. तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "मालक, कळक पानी पितो. वल्या सिमेंटच्या मालात टाकला की फुगतो. माल सुकला की त्योबी सुकतो, आकसतो. मग कळक येगळा आन् माल येगळा. एकमेकांला धरायचं न्हाईत."

सोपाननं पेन्सिल कानावरून काढली. "गवंडी, शाळा किती झाली?"

"तिसरी."

"मग?"

सोपान चौथी पास होता. एका यत्तेच्या फरकानं स्लॅबचा निकाल लागला.

माघात एका सकाळी स्लॅब ओतला. त्याआधी आतून फळ्या आणि वासे लावून साचा उभा केला, वर कळक फाडून त्यांची जाळी बांधली. जाळी दिसायला सुरेख झाली होती. मोठ्या टोपलीच्या बुडासारखी. वीस-बावीस गडी आणि बाया घमेली घेऊन ओळीनं उभ्या राहिल्या. खडी, वाळू, सिमेंट. सोपान केळीच्या सावलीत उभा राहून ओरडत होता, "पानी वाढवा! माल पळाला पायजे!" माल पळाला. ताक पळतं तसा पळाला. फळ्यांच्या फटींतून निम्मं सिमेंट खाली गळून जमिनीला मिळालं. रामहरी थापीनं वर सारखं करत होता आणि त्याचा चेहरा मयताला आलेल्या माणसासारखा होता. संध्याकाळी सगळ्यांना गूळ वाटला. झुंबररावांनी पहिला खडा सोपानला दिला, शेवटचा रामहरीला.

पुढं तीन आठवडे स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरून ठेवलं. चिमण्या आंघोळीला येत होत्या. झुंबरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून भिंतीवर हात मारून दाखवत. कन्हेरीचे आबासाहेब त्या वाटेनं जात होते, मोठे बागाईतदार, शब्द मोजून बोलणारे. त्यांचं इंजिन बिघडलं होतं. झुंबरराव म्हणाले, "आना की आबा. नव्या वर्कशॉपात पैलं इंजिन तुमचं." आबासाहेबांनी आणायचं कबूल केलं.

एकविसाव्या दिवशी साचा काढायचा होता. रामहरीनं सगळ्यांना बाहेर उभं केलं आणि एकेक वासा सोडवायला सुरुवात केली. मधला वासा निघाला तेव्हा आतून आवाज आला. म्हातारा माणूस बाजेवरून उठताना करतो तसा, लांबट. स्लॅब मधोमध हातभर खाली आला आणि थांबला. रामहरी आतून बाहेर आला तो धावत नाही, पण चालतही नाही, असा.

सगळे दारातून वाकून बघत राहिले. छपराला पोट सुटलं होतं.

"असंच ऱ्हातं," सोपान म्हणाला. "मुद्दाम ठिवलंय. पानी मधी येतं."

"आन् मधी येऊन कुठं जातं?" ठमाबाईंनी विचारलं.

सोपाननं फीत काढली आणि खिडकी मोजायला घेतली. मोजून झाल्यावर म्हणाला, "एक टेकू द्या. तात्पुरता."

एक टेकू दिला. त्याच्या पलीकडं चीर दिसली म्हणून दुसरा दिला. दरम्यान आबासाहेबांचं इंजिन गाडीतून आलं आणि दोन टेकूंच्या मधून गड्यांनी ते ढकलून आत बसवलं. मग तिसरा टेकू लागला, चौथा लागला. पाडव्यापर्यंत सात झाले. इंजिन मधोमध आणि भोवती सात खांब. इंजिनाचा दांडा फिरवायला हात वळत नव्हता. इंजिन बाहेर काढायचं तर दोन टेकू काढावे लागणार होते, आणि ते काढायला कुणी तयार नव्हतं. आबासाहेबांचा गडी दर दोन दिवसांनी येऊन विचारायचा, झालं का? झुंबरराव म्हणायचे, "घाईचं काम न्हाय हे."

पाडव्याला वर्कशॉपचं उद्घाटन ठेवलं होतं, ते त्यांनी रद्द केलं नाही. दाराला आंब्याचं तोरण बांधलं. इंदापूरहून रावजी आणि द्वारकाबाई आले. गावातली पन्नासेक माणसं आली. सोपाननं भाषण केलं, पण ते केळीच्या ओळीपासून, वीस पावलं अंतरावरून. तिथून आवाज चांगला पोचतो म्हणाला. भाषणात दोनदा जपान आलं. मग झुंबररावांनी हात जोडून सगळ्यांना आत बोलावलं.

"चला की पाव्हणं," ते रावजीला म्हणाले.

"छ्या. मान सायबांचा," रावजी सोपानकडं हात करत म्हणाला.

"मालकाशिवाय आदी पाय कसा ठिवायचा?" सोपान म्हणाला.

मालकांना तेवढ्यात आठवलं की नारळ घरातच राहिलाय. ते नारळ आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. पन्नास माणसं दाराबाहेर उन्हात उभी, एकमेकांना पुढं करत. कुणाला गुडघा दुखत होता, कुणाला आत चप्पल घालून जाणं बरं वाटत नव्हतं. अखेर ठमाबाईंनी हळदीकुंकवाची ताटली घेतली, वाकून आत गेल्या, इंजिनाला कुंकू लावलं, सातही टेकूंना लावलं आणि बाहेर आल्या. द्वारकाबाईंनी दारातून मान घालून पाहिलं.

"अक्का," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आत मांडव कशाला घातलाय गं? लगीन कुनाचं हाय?"

बाया हसल्या. पुरुषही हसले; पण रावजी सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि नारळ घेऊन येणाऱ्या झुंबररावांनी ते ऐकलं.

त्यानंतर स्लॅब आठ दिवस टिकला. एका दुपारी मी शेतात पाणी धरत होतो, झुंबरराव घरी जेवायला बसले होते. ढगाचा गडगडाट नाही आणि सुरुंगही नाही, असा आवाज झाला. धुरळा मोसंबीच्या शेंड्यांवर गेला. आम्ही धावलो. कुणाला काही झालं नव्हतं, कारण आत जायची कुणाची छाती नव्हती. मधला भाग, पोटासकट, खाली आला होता. सात टेकूंनी आपापल्या बाजूला माना टाकल्या होत्या आणि मधोमध आबासाहेबांच्या इंजिनावर छप्पर बसलं होतं.

झुंबरराव विटांच्या ढिगावर बसले. समोर स्लॅबचा एक तुकडा पडला होता, त्यातून कळकाची कामटी बाहेर आली होती. त्यांनी ती धरून ओढली. म्यानातून तलवार निघावी तशी ती अलगद निघाली, कोरडी, गुळगुळीत, सिमेंटचा कणही न लागलेली. दोन हात लांब. ते ती कामटी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. रामहरी शेजारी उभा होता. तो वाकून धड विटा वेगळ्या काढायला लागला. बोलला असता तर झुंबररावांना सोपं गेलं असतं. त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला तेव्हा मी तोंड फिरवलं. शेजाऱ्यानं तेवढं करायचं असतं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब आले. ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारली, इंजिनाचं मोडलेलं चाक बघितलं.

"झुंबरराव," ते म्हणाले, "माझं इंजिन बंद व्हतं. मेल्यालं नव्हतं."

झुंबररावांनी आपल्या विहिरीवरचं चालू इंजिन उतरवलं आणि आबासाहेबांच्या गाडीत घालून दिलं. मोडकं त्यांच्याकडं राहिलं. आपल्या विहिरीवर त्यांनी पुन्हा मोट जुंपली, आणि 'त्यांनी' म्हणजे ठमाबाईंनी. साडेचार एकराला मोटेचं पाणी म्हणजे पहाटेपासून बैलांच्या मागं मागं उतरणीवर जायचं आणि उलट्या पावलांनी परत यायचं.

सोपान त्या आठवड्यात आला नाही, नंतरही आला नाही. कालव्याच्या खालच्या अंगाला गाळाचं काम निघालं होतं म्हणे. तिथं तो लोकांना सांगत होता की झुंबररावांनी आपलं ऐकलं नाही, कळक कोवळा वापरला.

झुंबररावांचा राग मात्र रावजीवर होता. आपण नाचलो आणि तो हसला. त्याला जाब विचारायचा म्हणून ते इंदापूरला गेले, न कळवता. गेले तेव्हा द्वारकाबाई अंगणात ज्वारी पसरत होत्या. ज्वारीला बुरशी आली होती, वास सुटला होता. धान्याच्या खोलीवर रावजी स्वतः चढला होता आणि स्लॅबवर पत्रे टाकून ठोकत होता. पत्र्यांवर घालायला पाचटाच्या पेंढ्या खाली रचून ठेवलेल्या.

"गळतोय व्हय?" झुंबररावांनी खालून विचारलं.

"पैल्याच पावसाळ्यापास्नं," रावजी वरून म्हणाला.

"म्हंजी मी नाचलो तवा बी?"

"तवा बी."

"मग सांगितलं का न्हाय?"

रावजीनं हातोडी खाली ठेवली. "पाव्हणं, तुमी येवढं रंगात येऊन नाचत व्हता. कसं सांगायचं?"

जाब तिथंच राहिला. झुंबरराव इंदापुरात आठ दिवस राहिले. दोघे साडू ओसरीवर बसून सिमेंटला, सरकारला, ओव्हरशियर जातीला आणि जपानला नावं ठेवत होते, आणि त्यात दोघांचं चांगलं जमलं.

त्या आठ दिवसांत इकडं काय झालं ते मी पाहिलं. स्लॅबचे उरलेले कोपरे पाडायला रामहरी आला. जो स्लॅब उभा राहायला तयार नव्हता, तो आता पडायलाही तयार होईना. पहार, घण, सगळं चाललं. तिसऱ्या दिवशी रामहरी घाम पुसत म्हणाला, "वैनी, कडंचा माल झकास जमलाय." ठमाबाई हसल्या, त्या सगळ्या प्रकरणात मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं.

बारामतीकडं त्या सुमाराला जुनी गुऱ्हाळं बंद पडत होती. ऊस कारखान्याकडं जायला लागला होता. एका मोडलेल्या गुऱ्हाळाचे पत्रे तिथं पडून होते, काळवंडलेले पण धड. ठमाबाई स्वतः बैलगाडी घेऊन गेल्या, दोन गाड्या मोसंबी देऊन पत्रे घेऊन आल्या. परमिट नाही, हेलपाटे नाहीत. लाकूड घरातच होतं. साच्याचे वासे, फळ्या, आणि ते सात टेकू. गावच्या सुताराला बोलावून त्यांनी सातही टेकू तासून आडवे टाकले. मागच्या अंगाला उतार दिला. धुराडं भिंतीतून बाहेर काढायला भोक पाडून घेतलं. पाचट माझ्या उसाचं होतं, मी दिलं. ते पसरायला आणि तारेनं आवळायला त्या स्वतः वर चढल्या. शिडी मी धरली. खाली उभा राहून वर बघताना मला कळलं की तार कशी ओवतात ते खालून दिसत नाही.

झुंबरराव परत आले तो दिवस वैशाखातला, डोक्यावर ऊन. बागेतून येताना त्यांना छप्पर दिसलं. ते थांबले. मग भोवतीनं फिरले, बाहेर काढलेलं धुराडं पाहिलं, आत गेले. आत चांगलंच गार होतं. अर्धा तास ते आबासाहेबांच्या मोडक्या इंजिनाशेजारी जमिनीवर बसून राहिले. बाहेर आले तेव्हा ठमाबाई मोटेवर होत्या. ठमाबाईंनी भाकरी वाढली, झुंबररावांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रामहरी आपली थापी आणि ओळंबा न्यायला आला.

"रामहरी," झुंबरराव म्हणाले, "उतार मी म्हटल्यालो तसाच दिलास न्हवं?"

रामहरीनं विहिरीकडं पाहिलं. ठमाबाई बैलांना वळवत होत्या. ऐकू जाण्याइतक्या जवळ होत्या. त्यांनी कासरा ओढला, बैल वळले, मोट खाली गेली.

"व्हय, मालक," रामहरी म्हणाला. गवंड्याला त्याच गावात अजून पुष्कळ भिंती बांधायच्या होत्या.

खोटं सांगायचं नाही, त्या छपराखाली झुंबरराव हळूहळू खरोखरच मिस्त्री झाले. मोडकं इंजिन त्यांनी चौदा महिने खोललं आणि जोडलं. चाक ओतून आणलं, पिस्टन घासला, हात भाजून घेतले. सत्तावन्नच्या पावसाळ्यात ते इंजिन सुरू झालं आणि एकही नट उरला नाही. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून बोलावलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ते चौदा महिने मोट कुणी हाकली, याची आठवण त्यांना त्या आनंदात झाली नाही, आणि मीही करून दिली नाही. तेवढा दोष माझ्याकडंही लागतो.

पण नाव झालं ते इंजिनापेक्षा छपराचं. "वर पत्रा, पत्र्यावर पाचट, आटोळ्यांची युक्ती," असं लोक म्हणायला लागले. कन्हेरीत दोन गोठे झाले तसे. खुद्द आबासाहेबांनी इंजिनाची खोली तशीच शाकारली. कुणाला छप्पर घालायचं असलं की तो झुंबररावांकडं यायचा, आणि झुंबरराव उतार किती, वासा किती जाड हे फीत काढून सांगायचे. होय, त्यांनीही एक फीत घेतली होती.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास मोरगावहून दत्तोबा नावाचा एक शेतकरी एसटीनं आला. कोरडवाहू माणूस, पंचवीस शेळ्या, त्यांच्यासाठी गोठा बांधायचा होता. मी तेव्हा बांधावर बसलो होतो. ठमाबाई मिरचीतून हात पुसत बाहेर आल्या.

"मालक हाइत का?" त्यानं विचारलं.

"बारामतीला गेल्यात. काय काम हाय?"

"छपराचं इचारायचं व्हतं."

"इचारा की."

दत्तोबा अवघडून हसला. "न्हाय, तुमाला कशाला तरास. मालकान्लाच भेटतो."

ठमाबाईंनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. ऊन होतं, म्हणून वर्कशॉपात बसायला घोंगडं टाकून दिलं, आणि मिरची तोडायला परत गेल्या. तो तीन तास तिथं बसून होता, वर बघत. झुंबरराव आल्यावर दोघांचं चांगलं बोलणं झालं. उतार झाला, वासे झाले, पत्रा कुठं मिळतो तेही झालं. निघताना दत्तोबानं विचारलं,

"आन् मालक, पाचट वाऱ्यानं उडू ने म्हनून ती तार कशी ओवल्याय?"

झुंबररावांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"त्ये बारकं काम हाय," ते म्हणाले. "त्ये बायका बगत्यात."

दत्तोबानं मान डोलावली आणि पाचची एसटी गाठायला लगबगीनं निघाला. मिरचीच्या वाफ्यावरून जाताना त्यानं ठमाबाईंना रामराम घातला.